टर्बाइन ठणठणीत, कार्ड मात्र मिळेना!

प्रतिनिधी, मुंबई

जानेवारीतील रात्र. पश्चिम महाराष्ट्रातील एखाद्या साखर कारखान्याचे गाळप ऐन भरात आहे. आवारात उसाच्या गाड्यांची रांग लागली आहे, बॉयलरमध्ये बगॅस धडधडत आहे आणि त्या वाफेवर फिरणारे टर्बाइन कारखान्याची गरज भागवून उरलेली वीज राज्याच्या जाळ्यात पाठवीत आहे. अचानक नियंत्रण कक्षात भोंगा वाजतो, वाफेची झडप बंद होते आणि टर्बाइन थांबते. तपासणी सुरू होते. पाती शाबूत, बेअरिंग शाबूत, तेलाचा दाब योग्य. बिघडलेले असते ते वहीच्या पानाएवढे एक इलेक्ट्रॉनिक कार्ड. त्याचे उत्पादन कंपनीने केव्हाच थांबविलेले असते. भांडारात एक सुटे कार्ड असते. पण ते बसविल्यावरही टर्बाइन सुरू होत नाही.

हा प्रसंग कोणा एका कारखान्याचा नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी इलेक्ट्रॉनिक नियंत्रण बसविलेल्या कोणत्याही साखर कारखान्यावर, खत प्रकल्पावर, तेलशुद्धीकरण कारखान्यावर किंवा वायूवर चालणाऱ्या वीज केंद्रावर ही वेळ येऊ शकते. हजारो अश्वशक्तीचे यंत्र एका कार्डासाठी अडून बसते, तेव्हा प्रश्न त्या कार्डाच्या किमतीचा उरत नाही. थांबलेल्या प्रत्येक तासाबरोबर वाळणारा ऊस, न मिळालेली वीज आणि घाईत होणारी चुकीची खरेदी ही त्याची खरी किंमत असते. आणि ती टाळायची असेल, तर कार्ड ही भांडारात ठेवून विसरण्याची वस्तू नसून टर्बाइनइतकीच निगा मागणारे एक उपकरण आहे, हे आधी मान्य करावे लागते.

कार्ड नेमके करते काय?

टर्बाइनला जितकी वाफ किंवा वायू मिळेल, तितके ते जोरात फिरू पाहते. त्याला आवरणारी यंत्रणा म्हणजे गव्हर्नर. जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या इंजिनासाठी वापरलेला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर प्रसिद्ध आहे. गती वाढली की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप आपोआप मिटू लागे. अमेरिकेत वुडवर्ड या कंपनीची सुरुवात १८७० साली झाली तीही पाणचक्कीच्या गव्हर्नरने. आज हीच कंपनी टर्बाइनचे डिजिटल गव्हर्नर बनविते आणि आपल्याकडील साखर कारखान्यांच्या टर्बाइन विभागात तिच्या '५०५' या उपकरणाचे नाव सर्वांच्या तोंडी असते.

गोळ्यांची आणि तेलाच्या दाबाची जागा पुढे इलेक्ट्रॉनिक्सने घेतली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने आपल्या वायू टर्बाइनसाठी 'स्पीडट्रॉनिक मार्क १' ही इलेक्ट्रॉनिक नियंत्रण प्रणाली १९६८ मध्ये आणली. त्यानंतर याच मालिकेतील मार्क २, मार्क ४, मार्क ५, मार्क ६ आणि मार्क ६-ई या पिढ्या आल्या. सीमेन्स, एबीबी आदी कंपन्यांच्या स्वतःच्या प्रणालीही याच काळात बदलत गेल्या. यांपैकी नव्वदच्या दशकातील मार्क ५ ही प्रणाली आजही जगभरातील अनेक वीज केंद्रांत काम करीत आहे.

या प्रणालीच्या कपाटात कार्डांचे कप्पे असतात. एखादे कार्ड टर्बाइनची गती मोजते, दुसरे तापमान वाचते, तिसरे इंधनाच्या झडपेला किती उघडायचे ते सांगते आणि चौथे धोका दिसताच यंत्र बंद करण्याचा, म्हणजेच 'ट्रिप'चा हुकूम देते. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने जनित्राला थेट जोडलेली मोठी टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतात. हा वेग साधारणपणे दहा टक्क्यांनी ओलांडला, म्हणजे ३३०० फेऱ्यांपर्यंत गेला, की इंधन तोडलेच पाहिजे. जनित्रावरचा भार एकाएकी सुटला, तर हा निर्णय काही क्षणांत घ्यावा लागतो. माणसाचा हात तेथे पोहोचत नाही. तेथे कार्डच उपयोगी पडते.

म्हणूनच मार्क ५ सारख्या प्रणालीत एकाच कामासाठी तीन स्वतंत्र संगणकीय कप्पे ठेवण्याची सोय आहे. त्यांना आर, एस आणि टी अशी नावे आहेत. तिघेही एकच मोजमाप घेतात आणि तिघांपैकी दोघांचे जे मत पडेल ते ग्राह्य धरले जाते. एक कप्पा बिघडला तरी उरलेल्या दोघांच्या बळावर टर्बाइन फिरत राहते. साखर कारखान्यातील ५०५ सारखे गव्हर्नर मात्र सर्वसाधारणपणे एकटेच काम करतात. तेथे एक पेटी बिघडली की सगळेच थांबते.

दोन आयुष्यांचे न जुळणारे गणित

टर्बाइन हे पोलादाचे यंत्र आहे. वेळोवेळी पाती आणि बेअरिंग बदलत राहिले, तर ते तीस-चाळीस वर्षे सहज चालते. इलेक्ट्रॉनिक्सचे तसे नाही. कार्डावरील चिप ज्या कारखान्यात तयार होते, त्याचे मोठे ग्राहक संगणक आणि मोबाइल बनविणारे असतात. त्यांची गरज काही वर्षांत बदलते आणि जुनी चिप बाजारातून जाते. इंटेल कंपनीने '३८६' या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचे उत्पादन २००७ च्या सप्टेंबरअखेर थांबविण्याचे २००६ साली जाहीर केले. घराघरांतील संगणकांतून हा प्रोसेसर त्याच्या कितीतरी आधी गेला होता. त्याला इतकी वर्षे मागणी राहिली होती ती यंत्रे आणि उपकरणे यांच्या आत दडलेल्या संगणकांमुळे. शेवटी तोही गेला.

चिप गेली की कार्ड बनविणाऱ्या कंपनीपुढे दोनच वाटा उरतात. शेवटची मोठी खरेदी करून साठा करायचा किंवा कार्डाचा आराखडाच नव्याने करायचा. साठा कधी तरी संपतो आणि नवा आराखडा जुन्या कपाटात बसेलच असे नसते. या प्रश्नाची व्याप्ती एवढी आहे की, आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने कालबाह्य होणाऱ्या भागांच्या व्यवस्थापनासाठी 'आयईसी ६२४०२' हे स्वतंत्र मानक २००७ मध्ये काढले आणि २०१९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आणली. करोनाच्या साथीनंतर जगभर चिपची टंचाई झाली, तेव्हा तर चालू उत्पादनातील कार्डांसाठीही महिनोन् महिने वाट पाहावी लागली.

न वापरताही जुने होणारे

कार्डात फिरणारा भाग नसतो. मग ते झिजते कसे? याचे मोठे कारण उष्णता आहे. कार्डावर नळकांडीच्या आकाराचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. त्यांच्यातील द्रव हळूहळू सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा या क्षेत्रातील ठोकताळा आहे. त्यामुळे नियंत्रण कक्षातील वातानुकूलन यंत्र बंद पडणे हा केवळ कर्मचाऱ्यांच्या गैरसोयीचा विषय नसतो. साखर कारखान्यात बगॅसची बारीक भुकटी हवेत तरंगते. उरण किंवा गुहागरजवळील अंजनवेल यांसारख्या किनाऱ्यावरील ठिकाणी खारी, दमट हवा असते. कार्डाच्या जोडणीवर गंज चढविण्यास एवढे पुरेसे असते. अशा ठिकाणी संरक्षक लेप दिलेली कार्डे घ्यावी लागतात.

दुसरे कारण अधिक विलक्षण आहे. शुद्ध कथिलाचा मुलामा दिलेल्या भागातून कालांतराने केसाहूनही बारीक धातूचे तंतू उगवतात. असा तंतू शेजारच्या जोडणीला टेकला की दोहोंत नको तो संपर्क होतो. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील मिलस्टोन अणुऊर्जा केंद्राचा तिसरा संच १७ एप्रिल २००५ रोजी अनपेक्षितपणे बंद झाला. वाफेच्या वाहिनीतील दाब घसरल्याचा संकेत संरक्षण प्रणालीला मिळाला होता. प्रत्यक्षात दाब घसरलेला नव्हता. शोध घेतला असता संरक्षण प्रणालीच्या एका कार्डावर उगवलेला कथिलाचा तंतू त्यास कारणीभूत असल्याचे आढळले.

कथिलात थोडे शिसे मिसळले की हे तंतू उगवण्यास बराच आळा बसतो. मात्र युरोपीय संघाने आरोग्य व पर्यावरणाच्या कारणास्तव इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशावर १ जुलै २००६ पासून निर्बंध आणले. औद्योगिक नियंत्रण उपकरणे सुरुवातीला या निर्बंधांच्या बाहेर होती. पण सुटे भाग बनविणाऱ्यांनी आपले बहुतेक उत्पादनच शिसेविरहित केले. त्यामुळे जुने कार्ड दुरुस्त करताना नवा भाग कोणत्या मुलाम्याचा आहे, हेही आता पाहावे लागते.

शोधाच्या चार वाटा

कार्ड मिळविण्याच्या वाटा मोजून चार आहेत आणि प्रत्येकीचे आपले गुणदोष आहेत.

पहिली वाट मूळ कंपनीची. उत्पादन सुरू असेल तर हीच सर्वांत सुरक्षित. उत्पादन थांबले असले तरी काही कंपन्या जुने कार्ड घेऊन त्या बदल्यात तपासलेले, दुरुस्त केलेले कार्ड देतात. किंमत जास्त असते, पण हमी मिळते.

दुसरी वाट जुन्या कार्डांच्या व्यापाऱ्यांची. जगात कोठे तरी एखादे वीज केंद्र मार्क ५ काढून नवी प्रणाली बसविते, तेव्हा काढलेली कार्डे या बाजारात येतात. ती स्वच्छ करून, तपासून पुन्हा विकली जातात. 'न वापरलेले जुने', 'नूतनीकरण केलेले' आणि 'जसे आहे तसे' असे तीन प्रकार त्यात असतात आणि तिन्हींच्या विश्वासार्हतेत जमीन-अस्मानाचा फरक असतो. भारतात नूतनीकरण केलेले सुटे भाग आयात करायचे असतील, तर मूळ भागाच्या तुलनेत किमान ८० टक्के आयुष्य शिल्लक असल्याचे चार्टर्ड इंजिनीअरचे प्रमाणपत्र परकीय व्यापार धोरणानुसार लागते. वीज क्षेत्रासाठी आणखी एक अट आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २ जुलै २०२० रोजी काढलेल्या आदेशानुसार वीजपुरवठा यंत्रणेसाठी आयात होणारी उपकरणे व सुटे भाग यांत घातक संगणक प्रणाली दडलेली नाही ना, याची चाचणी अपेक्षित आहे. ज्या कार्डावर स्मृती-चिप आहे, ते कार्ड म्हणजे एक छोटा संगणकच, हे त्यामागचे कारण.

तिसरी वाट दुरुस्तीची. बहुतेक वेळा संपूर्ण कार्ड मरत नाही. एखादा कपॅसिटर, रिले किंवा वीजपुरवठ्याचा भाग जातो. चांगली प्रयोगशाळा तो बदलून देऊ शकते. कार्ड टेबलावर 'सुरू' झाले म्हणजे दुरुस्ती झाली असे मात्र नाही. प्रत्यक्ष टर्बाइनसारखे संकेत देणाऱ्या चाचणी-यंत्रावर ते काही तास चालवून पाहिले काय, हा खरा प्रश्न आहे.

चौथी वाट आपल्याच बंद संचातील कार्ड काढून चालू संचाला लावण्याची. अडचणीच्या वेळी हा मोह होतो आणि कधी कधी तो अपरिहार्यही असतो. पण काढलेल्या कार्डाची नोंद झाली नाही, तर बंद संच सुरू करण्याची वेळ येते तेव्हा त्याचे अर्धे कपाट रिकामे आढळते.

वाट कोणतीही असो, कार्डाचा क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. मार्क ५ मधील कार्डाचा क्रमांक 'डीएस २०० टीसीक्यूए' असा सुरू होत असेल, तर त्यातील 'टीसीक्यूए' हा कार्डाचा प्रकार झाला. त्यानंतरचा गट-क्रमांक आणि अखेरची अक्षरे यांतून कार्डाची जात आणि आराखड्यातील सुधारणा कळतात. काही सुधारणा जुन्या कार्डाच्या जागी चालतात, काही चालत नाहीत. मागणीपत्रात केवळ 'टीसीक्यूए कार्ड, नग १' असे लिहिले, तर दिसायला हुबेहूब. पण कामाला निरुपयोगी कार्ड हाती येऊ शकते. बातमीच्या सुरुवातीला वर्णिलेल्या प्रसंगातील भांडारातले कार्ड चालले नाही, त्याचे एक संभाव्य कारण हेच.

स्वस्त कार्डाचा सापळा

दुर्मिळ वस्तूच्या मागे नकली वस्तू येतेच. अमेरिकी सिनेटच्या सशस्त्र दल समितीने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तेथील संरक्षण सामग्रीच्या पुरवठा साखळीत २००९ आणि २०१० या दोन वर्षांत संशयास्पद नकली इलेक्ट्रॉनिक भागांची सुमारे १८०० प्रकरणे आढळल्याचे म्हटले होते. त्यांतील भागांची संख्या दहा लाखांहून अधिक होती आणि त्यांचा प्रमुख उगम चीनमध्ये असल्याचे समितीचे म्हणणे होते. फेकून दिलेल्या संगणकांच्या कार्डांवरून चिप उचकटायच्या, धुवायच्या, त्यांवरील मूळ अक्षरे घासून काढायची आणि नवा क्रमांक व नवी तारीख छापायची, ही त्यामागची पद्धत. जगातील सर्वांत मोठ्या संरक्षण खात्याला जे रोखता आले नाही, ते एखाद्या कारखान्याच्या खरेदी विभागाला केवळ डोळ्यांनी पाहून ओळखता येईल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

येथेच आपल्याकडील निविदा पद्धतीचा पेच उभा राहतो. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारायची, हा नियम सिमेंट किंवा पाइप घेताना योग्य असेल; कालबाह्य कार्ड घेताना तो नकली मालाला दार उघडून देतो. विशेष म्हणजे नियमांत यावर वाट आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमावलीत, यंत्रांच्या प्रमाणीकरणासाठी किंवा सध्याच्या उपकरणांशी जुळणारे सुटे भाग घेण्यासाठी एकाच पुरवठादाराकडून खरेदी करण्याची तरतूद आहे. तांत्रिक अधिकाऱ्याने तसे कारण लेखी नोंदवायचे असते. अडचण असते ती ही जबाबदारी घेण्याची. निविदा मागवायचीच असेल, तर उगमाचा पुरावा, चाचणीचा अहवाल आणि हमीचा कालावधी या अटी दराच्या आधी तपासल्या गेल्या पाहिजेत.

बदलणे हे खरेदीपेक्षा अवघड

योग्य कार्ड हाती आले म्हणजे काम संपले असे नाही. जुन्या कार्डांवर जम्पर असतात. जम्पर म्हणजे दोन टोके जोडणारी नखाएवढी टोपी. झडपेकडे किती विद्युतप्रवाह जावा, कोणता संवेदक जोडला आहे, यांसारख्या गोष्टी तिच्या जागेवरून ठरतात. नवे कार्ड कारखान्यातून येते ते ठरावीक मांडणीत. जुन्यावरील प्रत्येक जम्परची जागा पाहून नव्यावर तशीच करावी लागते. अनेक कार्डांवर कार्यक्रम साठविलेल्या चिप खोबणीत बसविलेल्या असतात. त्या जुन्या कार्डावरून अलगद काढून नव्यावर बसवाव्या लागतात. एक पाय वाकला किंवा चिप उलटी बसली, तर दोन्ही कार्डे हातची जातात.

त्यात स्थिर विजेचा धोका. कोरड्या हवेत गालिच्यावरून चालून दाराच्या कडीला हात लावल्यावर बसणारा चटका आपल्याला जाणवतो तो सुमारे तीन हजार व्होल्टच्या पुढे. कार्डावरील नाजूक भाग शंभर व्होल्टनेही दुखावू शकतात. म्हणजे कार्ड निकामी झाल्याचे हाताळणाऱ्याला कळतही नाही. म्हणून मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधल्याशिवाय विशेष पिशवीतून कार्ड बाहेर काढायचे नसते.

तीन कप्प्यांच्या प्रणालीत टर्बाइन चालू ठेवूनच एका कप्प्यातील कार्ड बदलता येते. हा मोठा फायदा आहे. पण त्यातच मोठी जोखीमही आहे. बिघाड 'एस' कप्प्यात असताना चुकून 'टी'चा वीजपुरवठा बंद केला, तर तिघांपैकी दोघे गेले आणि यंत्र ट्रिप झाले. म्हणून अशा कामात एकाने कृती करायची आणि दुसऱ्याने मोठ्याने वाचून खात्री करायची, ही शिस्त पाळावी लागते.

बदलाच्या क्षणी केवढा अनर्थ होऊ शकतो, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियाने पाहिले आहे. क्वीन्सलँड राज्यातील कॅलाइड 'सी' वीज केंद्राच्या चौथ्या संचात २५ मे २०२१ रोजी बॅटरी चार्जर बदलून नवा जोडण्याचे काम सुरू होते. नियंत्रण व संरक्षण यंत्रणेला याच बॅटरी व्यवस्थेतून वीज मिळते. जोडणी बदलताना नव्या चार्जरने व्होल्टेज टिकवून धरले नाही आणि संचाची संरक्षण यंत्रणाच निपचित पडली. टर्बाइन जाळ्यापासून वेगळे करणारे कोणी उरले नाही. जनित्र उलट जाळ्याकडूनच वीज ओढून मोटारीसारखे फिरत राहिले. तेही वंगणाचे तेल मिळत नसताना. अर्ध्या तासाहून अधिक वेळ हे चालले आणि अखेरीस यंत्र फुटले. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. पण सुमारे ४ लाख ७० हजार ग्राहकांची वीज गेली. दोष टर्बाइनमध्ये नव्हता. एक सुटे उपकरण बदलताना 'ते चालले नाही तर काय' या प्रश्नाचे उत्तर तयार नव्हते.

भांडारातील कार्डही म्हातारे होते

महाराष्ट्राला सुट्या भागांच्या टंचाईचा जुना अनुभव आहे. जनरल इलेक्ट्रिकच्या तंत्रज्ञानावर उभारलेले तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेचे सहकार्य आटत गेले, तेव्हा तेथील अभियंत्यांना अनेक भागांसाठी देशातच पर्याय उभे करावे लागले. तेव्हा कारण राजकीय होते, आज ते बाजाराचे आहे. पण धडा तोच आहे. पुरवठा केव्हा तरी थांबणार, हे गृहीत धरूनच तयारी करायची असते.

आपल्या भांडारांतील चित्र मात्र बऱ्याचदा वेगळे असते. संच उभारतानाच घेतलेली कार्डे खोक्यात तशीच पडून राहतात. वार्षिक मोजणीत ती 'शिल्लक, नग २' म्हणून दाखविली जातात. तोवर त्यांतील कपॅसिटर सुकत असतात, काही कार्डांवरील बॅटरी संपलेल्या असतात आणि जुन्या पद्धतीच्या चिपमधील माहितीही अमर नसते. म्हणून सुट्या कार्डांना ठरावीक काळाने चाचणी-कपाटात लावून चालवून पाहावे लागते. दरवर्षीच्या देखभाल काळात एखादे चालू कार्ड काढून त्या जागी सुटे कार्ड लावायचे आणि ते चालते याची खात्री करून घ्यायची, हा त्याहून सोपा उपाय. साखर कारखान्यांना तर त्यासाठी पावसाळ्याचे मोकळे महिने मिळतात. गळीत हंगाम सुरू झाल्यावर ही संधी राहत नाही.

संपूर्ण प्रणालीच बदलावी काय?

काही वर्षांनी एक वेळ अशी येते की, जुनी कार्डे शोधत बसण्यापेक्षा नवी प्रणाली घेणे शहाणपणाचे ठरते. त्यासाठी सगळे कपाट आणि तारांचे जाळे उखडावेच लागते असे नाही. मार्क ५ च्या तारांची जोडणी तशीच ठेवून केवळ इलेक्ट्रॉनिक्स मार्क ६-ई चे बसविण्याचा मार्गही उपलब्ध आहे. तरीही त्यासाठी संच काही आठवडे बंद ठेवावा लागतो, चालकांना नवे प्रशिक्षण द्यावे लागते आणि नवी प्रणाली संगणकीय जाळ्याशी जोडलेली असल्याने सायबर सुरक्षेची नवी जबाबदारी येते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती याच काळजीपोटी.

वायूवरील वीज केंद्रांपुढे हा प्रश्न अधिक बिकट आहे. २०२४ मध्ये देशात वायूवर आधारित सुमारे २५ हजार मेगावॉट क्षमता होती. पण स्वस्त वायूच्या अभावी तिचा मोठा भाग बहुतांश काळ बंद असे. जे केंद्र वर्षातून थोडेच दिवस चालते, त्याच्या नियंत्रण प्रणालीवर खर्च करण्यास कोणी धजावत नाही. पण नेमकी उन्हाळ्यात मागणी वाढली की याच केंद्रांची आठवण होते. केंद्र सरकारने वीज कायद्याच्या कलम ११ चा आधार घेऊन १ मे ते ३० जून २०२४ या काळात वायू केंद्रे चालविण्याचे निर्देश दिले होते. महिनोन् महिने बंद असलेले यंत्र तातडीने सुरू करायचे, तेव्हा पहिली परीक्षा होते ती दमट हवेत निपचित पडून राहिलेल्या कार्डांची. आपल्या राज्यातील ६७२ मेगावॉटच्या उरण केंद्रासारख्या किनारपट्टीवरील केंद्रांनी ही बाब विशेष लक्षात ठेवावी अशी आहे.

निर्णय दुरुस्तीचा असो वा नूतनीकरणाचा, तो कार्ड बिघडण्यापूर्वी घेतलेला असावा. कोणते कार्ड अजून बनते, कोणते बनत नाही, कोणते गेले तर संच थांबेल आणि त्याचे तपासलेले सुटे कार्ड आपल्याकडे आहे काय, या चार प्रश्नांची उत्तरे असलेला एक कागद प्रत्येक टर्बाइनच्या नियंत्रण कक्षात असायला हवा. तो तयार करण्यास निविदा लागत नाही. तो नसेल, तर रात्री बाराला थांबलेल्या टर्बाइनशेजारी उभे राहून तेच प्रश्न विचारावे लागतात आणि तोवर आवारातील ऊस वाळू लागलेला असतो.

चौकट : कार्ड मागविताना आणि बसविताना

- चालू कार्डांचा संपूर्ण क्रमांक, शेवटच्या सुधारणा-अक्षरासह, आजच नोंदवून ठेवावा.
- प्रत्येक कार्डाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. जम्परच्या जागा स्पष्ट दिसल्या पाहिजेत.
- नियंत्रण कार्यक्रमाची ताजी प्रत दोन वेगळ्या ठिकाणी जपावी आणि ती उघडते याची खात्री करावी.
- पुरवठादाराकडून उगमाचा पुरावा, प्रत्यक्ष चाचणीचा अहवाल आणि लेखी हमी घ्यावी.
- आलेले कार्ड खोक्यात ठेवून देऊ नये. हमीचा काळ संपण्यापूर्वी चालवून पाहावे.
- स्थिर विजेपासून बचाव करणाऱ्या पिशवीत, थंड व कोरड्या जागी साठवावे.
- बदलण्यापूर्वी 'नवे कार्ड चालले नाही तर पूर्वस्थितीला कसे यायचे' हे लिहून काढावे.
- काढलेले कार्ड लगेच टाकून देऊ नये. ते दुरुस्तीयोग्य असेल तर तेच उद्याचे सुटे कार्ड ठरते.